बोलत राहायचं काम

११ फेब्रुवारी

दाजींनी आज मला विटा वाहण्यातून काढलं आणि क्रेनच्या कामावर घातलं. बाकीची पोरं बघतच राहिली. मी येऊन धड महिनाही झालेला नाही. माझ्या आधीची तीन-चार जणं होती, पोपटासारखी बोलणारी, त्यांना सोडून मला. दाजी म्हणाले, "घरचा माणूस आहे. विश्वासाचा." मला बरं वाटलं. दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा, इथला फोरमन. त्यांनीच मला इतक्या लांब आणलं, पण आणलं म्हणून चारचौघांत असं म्हणायलाच पाहिजे असं थोडंच आहे. टायरच्या दुकानातला मालक म्हणायचा, हा पोटातलं ओठावर येऊ देत नाही, असली माणसं घातकी. बेकरीवाला म्हणायचा, याच्याशी बोलण्यापेक्षा भट्टीशी बोललेलं बरं, ती निदान गरम तरी होते. दोन्हीकडून मीच निघालो. तसाही एका जागी माझा पाय ठरत नाही.

काम असं आहे. क्रेनवाला उंचावर काचेच्या खोक्यात बसतो. इमारत आड येते म्हणून त्याला माल कुठे टेकतो ते दिसत नाही. म्हणून खाली एकजण वॉकीटॉकी घेऊन उभा राहतो आणि बोलत राहतो. खाली, खाली, खाली, डावीकडे, डावीकडे, खाली. आवाज येतोय तोवर क्रेन हलते. आवाज तुटला की थांबते. बॅटरी संपली, माणूस चक्कर येऊन पडला, काहीही झालं, आवाज नाही म्हणजे थांब.

म्हणजे मला बोलायचं काम मिळालं आहे. जगात दुसरं कोणी सापडलं नाही. ताईला कळलं तर हसून हसून पडेल.

१२ फेब्रुवारी

शोभा झाली.

मी बटण दाबून म्हटलं, "खाली." माल वीतभर खाली आला आणि थांबला. मी वाट बघत राहिलो. तोही वाट बघत राहिला. मग वरून आवाज आला, जुन्या पत्र्याच्या डब्यातून यावा तसा.

"काय रे, संपले शब्द?"

"नाही."

"मग बोल की. एकेक मोजून काय देतोस, सासऱ्याने हुंड्यात दिलेत का?"

आसपासचे सगळे दात काढायला लागले. मी "खाली खाली खाली" सुरू केलं. मध्ये थुंकी गिळायला थांबलो तर माल परत थांबला. एका खेपेला इतका वेळ लागला की खालचे गवंडी विड्या ओढून मोकळे झाले.

वरच्याने विचारलं, "नाव काय तुझं?" मी सांगणार तेवढ्यात दाजींनी त्यांच्या वॉकीवरून सांगून टाकलं, "घुम्या म्हणा. घरीही तेच म्हणतात." दाजींकडे पण एक वॉकी आहे. आम्ही तिघं एकाच लाइनवर. एकाने बटण दाबलेलं असलं की दुसऱ्याचा आवाज जात नाही, त्यामुळे आपलं म्हणणं सांगायचं तर आधी दाबावं लागतं. दाजी नेहमी आधी दाबतात.

वरच्याला सगळे कावळेकाका म्हणतात. उंचावर बसतात आणि गप्प बसत नाहीत म्हणून.

२० फेब्रुवारी

आता जमायला लागलं. रात्री झोपेत मी डावीकडे डावीकडे म्हणतो असं खोलीतली पोरं सांगतात.

माल नसला की काका वरून काय काय दिसतं ते सांगत बसतात. पलीकडच्या गच्चीवर एक जाडा माणूस रोज उठाबशा काढतो आणि मोजणीत स्वतःलाच फसवतो. शाळेच्या मैदानात एक पोरगी खेळत नाही, कोपऱ्यात उभी राहून बाकीच्यांना नियम सांगते. मी ऐकतो. आज म्हणाले, "तू पण काही सांग रे. मी इथे एकटा टांगलेला. खालून कोणी बोललं नाही की मला वाटतं खालचं जग संपलं, मी एकटाच उरलो."

मी म्हटलं, "मला नाही येत."

"काय नाही येत? चोवीस तास तोंड आहे ना तुझ्याजवळ?"

मग काय झालं कोण जाणे, मी त्यांना बाबांचं सांगितलं. बाबा गेले तेव्हा मी रडलो नाही, बोललो नाही, नुसता दारात बसून चपला सरळ करत होतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या. लोक म्हणाले, दगड आहे. ताई पण म्हणाली. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. समोर तोंड नसलं की मला बोलता येतं, हे आज कळलं. समोर तोंड असलं की त्या तोंडावर काय उमटेल ते मी आधीच बघायला लागतो आणि माझं वाक्य घशात वळून परत जातं.

 काका म्हणाले, "चपला सरळ करणारा पण कोणीतरी लागतोच की रे." आणि लगेच, "चल, सळया आल्या. लाग बोलायला."

४ मार्च

काकांना आज जमिनीवर पाहिलं. पाण्याच्या टाकीपाशी. इतके दिवस आवाज ऐकून मला वाटायचं धिप्पाड असतील. एवढासा माणूस, पाय बाकदार, शर्टाच्या खिशात चष्मा. तेही माझ्याकडे बघतच राहिले. बहुतेक त्यांनाही मी वेगळा वाटायचो.

"बरं आहे ना?" ते म्हणाले.

"हो."

झालं. दोघंही आपापल्या वाटेने. नव्या नवरा-नवरीसारखं झालं. दुपारी वर गेल्यावर वॉकीतून म्हणतात, "काय रे घुम्या, टाकीपाशी कोण होतं ते? ओळखीचं वाटलं." मी इतका हसलो की माल अर्ध्यात थांबला आणि दाजी ओरडले.

१३ मार्च

दाजींना घाई असते. वरचे साहेब त्यांच्या मानगुटीवर, ते आमच्या. मी माल उतरवत असतो तेव्हा दाजी मध्येच त्यांच्या वॉकीवरून बोलतात. मी दम घ्यायला क्षणभर बटण सोडलं की त्यांचा आवाज शिरतो, खाली येऊ दे, येऊ दे, येऊ दे. कामं पटापट होतात हे खरं.

काका आज चिडले. "फोरमन, एका मालाला दोन तोंडं नकोत. वर मला सगळ्यांचा आवाज सारखाच येतो. पोरगा बोलतोय त्याला बोलू द्या."

दाजी म्हणाले, "तुम्ही क्रेन चालवा. साईट मी चालवतो."

नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "म्हातारा लावालावी करेल. तू आपला मध्ये पडू नकोस." मी कशाला पडतोय. "म्हणून तर तुला घेतलं," म्हणाले आणि पाठीवर थाप मारली. माझ्या आधीचा सिग्नलवाला दाजींशी हुज्जत घालायचा म्हणे, मला पोरांनी सांगितलं. अशा माणसाला कोण ठेवेल.

२१ मार्च

सुताराचा पाय चिरडला.

एवढं लिहून थांबलो होतो. नीट लिहायला पाहिजे. उद्या मला दुसरंच काहीतरी आठवेल.

काँक्रीटच्या गाड्या सकाळपासून गेटवर खोळंबलेल्या. लिफ्टच्या खड्ड्यात लोखंडी प्लेटांची शेवटची खेप उतरवायची होती. तो खड्डा वरून दिसत नाही. मी अलीकडच्या काठावर, दाजी पलीकडच्या. खड्ड्यात फळ्या ठोकणारा सुतार शिडीने वर आला, मला हाताने खूण केली, झालं. मी बोलायला लागलो. खाली, खाली, खाली. प्लेटा खड्ड्याच्या तोंडातून आत शिरल्या आणि मला सुताराचं हेल्मेट दिसलं, परत शिडी उतरताना. हातोडी राहिली होती त्याची.

मी गप्प झालो. तोच नियम आहे. क्रेन थांबली. प्लेटा लटकत राहिल्या. मी बटण सोडून दिलं आणि सुतार वर कधी येतो ते बघत राहिलो.

तेवढ्यात वॉकीतून आवाज. खाली, खाली, येऊ दे, येऊ दे, येऊ दे.

मी समोर पाहिलं. दाजींचं तोंड गेटकडे होतं. गाडीवाल्यांना हाताने थांबा थांबा करत होते आणि दुसऱ्या हातात ओठाला लावलेली वॉकी. खड्ड्यात बघतच नव्हते.

प्लेटा हलल्या. मी बटण दाबलं, पण दाजींनी दाबून धरलेलं, माझा आवाज वर जातच नव्हता. आणि मी काय केलं तर वॉकीतच बोलत राहिलो. थांबा काका, थांबा. रोज बोलतो तसं, हळू. वॉकी सोडून मोठ्याने ओरडलो असतो तर निदान सुताराला ऐकू गेलं असतं. तो माझ्यापासून एका शिडीवर होता.

त्याचा आवाज मात्र सगळ्यांना गेला.

२२ मार्च

सुताराच्या पायाचा पंजा कापावा लागला. जीव वाचला.

काम बंद आहे. दाजी माझ्या खोलीवर आले. कधी येत नाहीत. नवे बूट आणले होते माझ्या मापाचे. माझे फाटलेत हे त्यांच्या ध्यानात होतं म्हणजे. बाकीच्या पोरांना बाहेर जायला सांगितलं आणि खाटेवर बसले. बराच वेळ तळहात बघत होते.

"तू गप्प झाला होतास ना?"

मी मान हलवली.

"मग झालं. तू तुझं काम बरोबर केलंस. आवाज तुटला, क्रेन थांबायला पाहिजे होती. म्हाताऱ्याचे कान गेलेत, मी कधीपासून सांगतोय."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"चौकशी होईल. साहेब विचारतील. विचारलं तेवढंच सांगायचं. तुला काय, तू तर तसाही जास्त बोलत नाहीस."

बूट घालून बघितले. बरोबर बसतात.

२३ मार्च

ताईचा फोन. आधी पोरांचं सांगितलं, धाकट्याचा दात पडला, मोठा ऐकत नाही. मग तिचा आवाज बारीक झाला.

"हे जेवत नाहीयेत म्हणे."

मी ऐकत होतो.

"तुला माहितीये ना, ह्यांचं काही झालं तर मी या दोघांना घेऊन कोणाच्या दारात उभी राहू? आई-बाबा नाहीत. तू आहेस, तर तू असा." "मी तुला काही सांगत नाही हं. तू शहाणा आहेस. खोटं बोल असं मी तुला कधी सांगेन का?"

मी काहीच बोललो नाही.

"मला माहीत होतं तू ऐकशील," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

लहानपणापासून हे असंच आहे. आई विचारायची, जाशील ना रे दुकानात? मी गप्प. आई म्हणायची, बघा, हो म्हणाला. मी गप्प बसलो की लोक आपल्याला हवं ते त्यात भरून घेतात. रिकामं भांडं दिसलं की कोणीही पाणी ओततं.

२४ मार्च

उद्या चौकशी. काकांना वर जायला बंदी केली आहे. क्रेनचा हात नुसताच आकाशात. काका दिवसभर स्टोअरच्या पायरीवर बसून होते. जमिनीवर ते कोणाशी फार बोलत नाहीत. मी पाण्याच्या निमित्ताने दोनदा समोरून गेलो. दुसऱ्यांदा म्हणाले, "घुम्या, उद्या तू आहेस ना?"

"आहे."

"मग मला घोर नाही."

त्यांचं लायसन्स जाणार आहे, दोष त्यांच्यावर आला तर. ते गेलं की ह्या वयात त्यांना परत कोण वर चढवणार. एकदा वॉकीवर म्हणाले होते, खाली आलो की मला माझे पाय कोणाचे तरी वाटतात.

मी वाक्य तयार केलं आहे. एकच. "मी गप्प झाल्यावर दाजी बोलले." एवढंच. पाच शब्द. संडासात जाऊन तीन-चार वेळा मोठ्याने म्हणून पाहिलं. म्हणता येतं.

२५ मार्च

साहेबांची केबिन. एसी लावलेला, मला थंडी वाजत होती. टेबलापलीकडे सेफ्टीचे साहेब, अलीकडे दाजी, काका आणि मी. सगळी तोंडं जवळजवळ. मी टेबलावरच्या पेनस्टँडकडे बघत होतो. त्यात पेन नव्हतंच, नुसत्या कात्र्या.

साहेबांनी मला विचारलं, "माल आत उतरत होता, सुतार खाली गेला. तू काय बोललास?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"गप्प झालो."

"का?"

"सुतार दिसला."

दाजी म्हणाले, "साहेब, नियमच आहे. पोराने नियम पाळला."

साहेब काकांकडे वळले. "मग तुम्ही माल खाली का घेतलात?"

काका शांतपणे म्हणाले, "आवाज आला म्हणून. आधी आवाज तुटला, मी थांबलो. मग परत खाली खाली आलं. दुसरा आवाज असेल, पण वर मला सगळे आवाज सारखेच. लाइनवर आम्ही तिघंच. मी सांगून काय उपयोग, मी तर स्वतःची बाजू घेणार. पोराला विचारा. तो खोटं बोलणार नाही."

साहेब म्हणाले, "होता का दुसरा आवाज?"

मी तोंड उघडलं. वाक्य तिथेच होतं, जिभेच्या टोकावर, मला त्याची चव लागत होती. मी दाजींकडे पाहिलं. ते माझ्याकडे नाही, माझ्या बुटांकडे बघत होते. मग काकांकडे पाहिलं. ते माझ्याकडे असे बघत होते जसे मी आधीच बोलून टाकलंय. मला वाटलं साहेब अजून एकदा विचारतील. दुसऱ्यांदा विचारलं की सांगतो. मनात असं ठरवलं होतं, दुसऱ्यांदा.

दाजी हसले, अगदी मायेने. "साहेब, त्याचं काही मनावर घेऊ नका. तो असाच आहे लहानपणापासून. नाही म्हणायचं असलं की असाच बसतो."

साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

आई माझ्या गप्प बसण्याला हो म्हणायची, दाजी नाही म्हणाले. दोघांचंही लोकांनी ऐकलं.

काका उठले. खुर्ची नीट टेबलाखाली सरकवली. माझ्याकडे पाहिलं नाही, रागाने पण नाही. रागाने पाहिलं असतं तर मी बोललो असतो असं आता वाटतं. आता काय, आता मला काहीही वाटतं.

२६ मार्च

एक शब्दही खोटा बोललो नाही. दिवसभर हेच घोळवतोय. वकिलाच्या पोटी जन्मायला पाहिजे होतं.

३० मार्च

काका गेले. पिशवी आणि एक घोंगडं गुंडाळलेलं. गेटवर पहारेकऱ्याने पिशवी उघडायला लावली, सगळ्यांची बघतात तशी. काकांनी एकेक कपडा काढून दाखवला. मी भिंतीच्या आड उभा होतो. पुढे जावं, पिशवी तरी उचलावी. गेलो नाही. ज्याच्याबद्दल तोंड उघडलं नाही त्याची पिशवी कुठल्या तोंडाने उचलायची.

संध्याकाळी दाजींच्या खोलीवर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा दाजींना काही म्हणायला गेलो. ते दाढी करत होते. आरशातून म्हणाले, "काय रे?"

"काका गेले."

"हं."

"तुम्ही बोलला होता. वॉकीवर."

वस्तरा थांबला. मग परत गालावरून फिरला. "मग तू तिथे सांगायचंस."

मी उभा.

"मी तुला काय शिकवलं होतं का खोटं बोलायला? तुझ्या तोंडाला मी बूच मारलं होतं? साहेबांनी विचारलं तेव्हा तू मूग गिळून बसलास. माझी बायको, माझी पोरं, मी तर स्वतःला वाचवणारच. तू कोणाला वाचवलंस ते तुझं तुला माहीत." तोंड धुतलं, पुसलं. "जेवलास का?"

खरं सांगायचं तर त्यांचं एकही वाक्य मला खोडता आलं नाही. आणि मी तिथे जेवलो. हेही लिहून ठेवतो.

३ एप्रिल

सेफ्टीच्या साहेबांकडे गेलो. दार वाजवलं. "या." आत दाजी बसलेले, दोघं चहा पीत होते, टेबलावर नकाशा पसरलेला. साहेब म्हणाले, "बोल."

मी म्हटलं, "पाणी आहे का?"

साहेबांनी बाटली पुढे केली. मी पाणी प्यायलो आणि बाहेर आलो. मागून दोघांच्या हसण्याचा आवाज आला. ते माझ्यावर हसले असंही नसेल, त्यांचं आपलं काही चाललं असेल. 

वर नवा क्रेनवाला आलाय. तरणा आहे. फक्त कामापुरतं बोलतो. मला वाटलं होतं बरं पडेल.

५ एप्रिल

सुताराला भेटून आलो. पायाच्या जागी पांढरा गोळा. मला बघून त्यालाच वाईट वाटलं, माझ्या चेहऱ्याकडे बघून. म्हणाला, "अरे, हातोडी तशीच राहू द्यायची होती मी. माझीच हौस." मग म्हणाला, "कावळ्याने असं कसं केलं रे? इतका जुना माणूस."

मी त्याच्या उशीची खोळ नीट केली. तो म्हणाला, "जाऊ दे. तू तरी काय बोलणार."

८ एप्रिल

ताईने फोनवर सांगितलं, हे तुझं फार कौतुक करत होते. मी विचारलं, काय म्हणाले? म्हणाली, वेळेला घरचं माणूसच कामाला येतं. मग म्हणाली, "तू बरा आहेस ना? आवाज असा का येतोय?"

मी म्हटलं, "ताई, दाजी बोलले होते त्या दिवशी. मी नाही. काका पण नाही चुकले."

पलीकडे भांडी वाजत होती. ती थांबली. मग ताई म्हणाली, "धाकटा उठला वाटतं," आणि फोन ठेवला. मुलगा रडत वगैरे नव्हता. मी नीट ऐकत होतो. ऐकायला मला चांगलं येतं.

१४ एप्रिल

स्टोअरवाल्याकडून काकांचा नंबर मिळवला. सुट्टीचा दिवस. पोरं बाहेर गेलेली. दुपारी खोलीत एकटा बसून लावला.

"हॅलो," काका म्हणाले. फोनमध्ये त्यांचा आवाज डब्यातला नव्हता. साधा होता, थकलेला.

"काका, मी. घुम्या."



मी बोलायला लागलो. सुरुवात कशी केली ते आठवत नाही. सगळं सांगितलं. दाजींचं तोंड गेटकडे होतं, मी बटण सोडलं होतं, सोडलं नसतं तर त्यांचा आवाज शिरलाच नसता, थांब थांब म्हणत राहिलो असतो तरी पुरलं असतं. बूट सांगितले. ताईचा फोन सांगितला. केबिनमध्ये वाक्य जिभेवर होतं आणि मी दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत बसलो, तेही. गेटवर भिंतीआड होतो ते. दाजींकडे जेवलो ते. एकदाही अडलो नाही. इतकं मी जन्मात कधी बोललो नव्हतो, एकापाठोपाठ एक येत होतं, मला वाटत होतं आता ते मध्येच काहीतरी म्हणतील, एखादी शिवी घालतील, निदान सासऱ्यावरून बोलतील. ज्या माणसाला वर बसून क्षणभर शांतता सहन व्हायची नाही, तो नुसता ऐकत होता. श्वास ऐकू येत होता. फोन कट झाला नाही ना म्हणून मी दोनदा कानापासून लांब धरून बघितला. चालू होता.

शेवटी माझ्याजवळचं संपलं.

"झालं?" काका म्हणाले.

"झालं."

"मला कशाला सांगतोस?" आवाज चढला नव्हता. "मी तिथेच होतो की."

 मी परत गप्प झालो, आणि या वेळी ते थांबले नाहीत माझ्यासाठी. त्यांनी फोन बाजूला ठेवला असावा, बंद करायला बोट नीट लागलं नसेल, कारण मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला. कोणाचा होता हो इतका वेळ?

"साईटवरचा एक," काका म्हणाले. "मी नाही ओळखत."